कार, एक

वारणेवरचा हा पूल कुठल्याच यंत्रात नाही.
पाणीपुरवठा संस्थेनं वर्गणी काढून बांधला,
कठडे अर्धेच, कारण पैसे अर्ध्यात संपले,
आणि राहिलेल्या अर्ध्यासाठी मी अजून पावत्या फाडते.

दुचाकी पाच. कार वीस. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पन्नास.
बैलगाडीपुढचा आकडा कुणीतरी खरवडलाय.
मयताला माफ. नवरीला माफ नाही;
तो नियम माझ्या आधीचा, मला विचारू नका.

सांगलीकडून येणारा नवखा माणूस
काचेवरच्या चौकोनी तुकड्याकडं बोट करतो:
‘टॅग आहे की!’
असू दे. इथं तो वाचणारं कुणी नाही.
मोबाईलला रेंज नाही, बांबूला दोरी आहे,
आणि दोरी माझ्या हातात.
मग काच खाली येते,
आतून हळदीचा वास येतो, नाहीतर पोराचं रडणं,
सीटखाली चाचपत सुट्टे निघतात.

आधी मी किणी नाक्यावर होते, चार नंबरच्या खिडकीत.
माणसं मला तिथं मनगटापर्यंतच दिसायची.
यंत्रं आली, तशी तीही दिसेनाशी झाली,
मग आम्ही.

भूपाल मगदूम दर दुसऱ्या गुरुवारी यायचे.
पांढरी गाडी, मागं मुलाच्या कंपनीचं स्टिकर.
‘हमरस्त्यानं गेला असता तर वीस मिनिटं वाचली असती, काका.’
ते नाणी मोजत राहिले.
चौथ्या की पाचव्या खेपेला आपणच बोलले:
‘नाक्यावर पैसे कापले की पुण्यात पोराच्या फोनवर घंटी वाजते.
कुठं, किती वाजता, सगळं कळतं त्याला.’
गाडी बंद केली.
‘पलीकडं माझी बहीण असते.
वाटणीवरनं अठरा वर्षं कोर्टात चाललंय आमचं.
पोरगं तारखेला जातंय. मी हिकडं येतो.’

दिवस मावळायच्या आत जेवून परतायचे.
एकदा पुडी दिली हातात, बिनलसणाची शेंगाचटणी,
‘सुमतीनं केलीया.’
नाव तेवढं कळलं.

वहीत मी लिहायचे: कार, एक.
नंबराचा रकानाच नाही आमच्या वहीत.

जुलैत पूल पाण्याखाली जातो.
तेव्हा नाका नदीचा, आणि ती कुणालाच सोडत नाही.
सप्टेंबरात गाळ काढला, बांबू लावला,
गुरुवार आला, गेला. त्याच्या पुढचाही.

दिवाळी झाल्यावर तीच पांढरी गाडी.
आत तोच चेहरा, तीस वर्षं अलीकडचा.
रबर लावलेला गठ्ठा पुढं केला:
‘वडलांच्या गाडीत सापडल्या. सगळ्या ह्याच पुलाच्या.
कुठं जायचे ते?’

मी वही उघडून दिली.
कार, एक. ट्रॅक्टर, दोन. कार, एक.
त्याचं बोट पानभर खाली गेलं, पुन्हा वर आलं.
‘गाडी कुणाची, ते लिहीत नाही तुम्ही?’
‘नाही.’
‘हा रस्ता कुठं निघतो?’
‘पलीकडं.’

फोन काढला, रेंज बघितली, ठेवला.
पाचशेची नोट दिली; सुट्टे नव्हते माझ्याकडं.
मग त्यानं सीटखाली हात घातला,
तंबाखूची एक जुनी डबी निघाली.
वडील तंबाखू खायचे नाहीत, एवढं मला माहीत होतं.
डबीत दोन-दोनची नाणी, दहा मोजली,
उरलेली हलवून बघितली नुसती.

मी दोरी सोडली,
दगडाच्या वजनानं बांबू वर गेला.
वहीत लिहिलं.

सहाला माझी पाळी संपते.
परतीची नोंद सिकंदर घेतो रात्री,
ती मी बघितली नाही.